कानांची वेगळी चूल

एका घरात दोन चुली पेटल्या की पूर्वी गावभर बोभाटा होत असे. भाऊ भाऊ वेगळे झाले, घर फुटले, असे लोक दबल्या आवाजात बोलत आणि म्हातारी माणसे सुस्कारे सोडीत. आज सुशिक्षितांच्या घरांतून प्रत्येक खोलीत कानांची वेगळी चूल मांडली जात आहे. पण बोभाटा तर राहोच, उलट शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून ती कौतुकाने दाखविली जाते! नारळाएवढा एक गोलमटोल डबा प्रत्येक खोलीत ठेवायचा, प्रत्येक डब्याला त्या खोलीचे नाव द्यायचे, आणि बसल्या जागेवरून नुसता तोंडाने हुकूम सोडायचा: दिवाणखान्यात गझल लाव, मुलांच्या खोलीत इंग्रजी गाणी लाव, आजीच्या खोलीत अभंग लाव. डबा 'हो' म्हणतो आणि एका छपराखाली तीन मैफली सुरू होतात. कोणाचा कोणाला उपद्रव नाही. ज्याला जे हवे ते ज्याच्या त्याच्या कानात. या सुखाला नावे ठेवण्यासाठीच मी आज लेखणी हाती घेतली आहे.

दिवाळीच्या अंकात असला कडू विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण वाचकहो, नरक चतुर्दशीच्या पहाटे पायाखाली कारीट फोडून त्याचा कडू रस जिभेला लावल्यावाचून आपल्याकडे फराळाला हात लावीत नाहीत. हा लेख म्हणजे ते कारीट समजा. करंज्या आणि चिरोटे अंकाच्या पुढल्या पानांवर आहेतच.

आधी न्यायाचे बोलतो. तोंडी हुकमावर चालणारे हे यंत्र मुळातच वाईट आहे, असे माझे म्हणणे मुळीच नाही. ज्याची दृष्टी गेली आहे, त्याला बटणे चाचपावी लागत नाहीत. संधिवाताने जिची बोटे आखडली आहेत, तिला बारीक खटके फिरवावे लागत नाहीत. जिचे दोन्ही हात कणकेत आहेत, तिलाही मनातले गाणे तत्काळ ऐकता येते. परमेश्वराने ज्यांचे हात बांधले, त्यांना या यंत्राने आवाजाचे हात दिले. त्याबद्दल ज्या कोणी ते बनविले त्यांना मी नमस्कार करतो. माझे भांडण यंत्राशी नाही. धडधाकट माणसांनी भरलेल्या घरात, प्रत्येक खोलीला आपापले गाणे वाटून देण्याची जी नवी रीत त्या यंत्राने पाडली आहे, तिच्याशी माझे भांडण आहे.

माझा आरोप थोडक्यात असा: या सोयीमुळे घरातला गोंगाट गेला असे आपण समजतो, वास्तविक गेली आहे ती घरातली बोलाचाली. एकाने दुसऱ्याचे ऐकून घेणे, थोडे कुरकुरणे, थोडे नमते घेणे आणि न मागता कानावर पडलेले आयुष्यभर जपणे, हा जो संसाराचा व्यवहार गाण्याच्या निमित्ताने चालत असे, तोच बंद पडला आहे.

एकट्याने ऐकण्याची हौस आजची नव्हे. पण पूर्वी त्या हौसेला थोडी लाज होती. जपानच्या सोनी कंपनीने १९७९ साली 'वॉकमन' बाजारात आणला. तो पहिला नमुना ज्यांनी पाहिला असेल त्यांना आठवेल की, त्याला कानावरच्या तारांसाठी एक नव्हे तर दोन भोके होती. म्हणजे दोघांनी मिळून ऐकावे! शिवाय एक नारिंगी बटण होते. ते दाबले की संगीत मंद होई आणि दोघांना एकमेकांचे बोलणे ऐकू येई. कंपनीचे एक संस्थापक अकिओ मोरिता यांनी आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे की, एकट्यानेच संगीत ऐकत बसणे त्यांना असभ्यपणाचे वाटले, म्हणून त्यांनी ही व्यवस्था करविली. पुढे गिऱ्हाइकांनाच दुसऱ्या भोकाची गरज वाटेना आणि ते गेले. तरी पण कानाला तारा लावून बसलेला माणूस निदान दिसत तरी होता. 'हा आत्ता आपल्यात नाही' हे इतरांना कळे. आई येऊन त्याच्या कानावरचे ते झाकण उचलून 'जेवायला चल' म्हणे.

आताच्या डब्याची चलाखी अशी की, कोणाच्याही कानाला काही लावलेले नसते. दारे उघडी, पडदे सारलेले, सारे कुटुंब घरात. आणि तरीही प्रत्येकजण आपापल्या परगावी. ॲमेझॉन कंपनीने हा बोलका डबा २०१४ साली अमेरिकेत आणला. निरनिराळ्या खोल्यांतले डबे एकत्र जोडून त्यांवर संगीत वाजविण्याची सोय ऑगस्ट २०१७ मध्ये झाली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, ऐन दिवाळीच्या महिन्यात, तो डबा हिंदुस्थानात येऊन दाखल झाला. लक्ष्मीपूजनाला घरात केरसुणी आणण्याची आपली रीत. आता त्या जागी हे नवे पाहुणे येऊ लागले.

या पाहुण्यांच्या खाणावळीचा हिशेब मोठा गमतीचा आहे. डबा विकत घेतला म्हणजे गाणी मिळाली असे नव्हे; गाण्यांसाठी दरमहा वेगळी वर्गणी भरावी लागते. आणि गाणी पुरविणाऱ्या बहुतेक कंपन्यांचा नियम असा की, एकट्याच्या वर्गणीवर एका वेळी एकाच ठिकाणी गाणे वाजेल. दिवाणखान्यात गझल चालू असताना मुलाने आपल्या खोलीत दुसरे काही लावले की गझल मध्येच गप्प होते. म्हणजे पाहा, त्या निर्जीव यंत्रालाही एका घराला एक गाणे पुरेसे वाटत होते! पण आपण कुठले ऐकायला? वेगवेगळ्या खोल्यांत वेगवेगळे गाणे हवे असेल तर मोठी वर्गणी भरावी लागते. त्या मोठ्या वर्गणीचे नाव काय असावे? 'फॅमिली प्लॅन'! कुटुंबाने एकत्र ऐकू नये म्हणून जी योजना घ्यायची, तिचेच नाव कुटुंब योजना! स्पॉटिफायच्या अशा योजनेत सहा माणसांची सोय असते आणि ती सहाही माणसे एकाच पत्त्यावर राहणारी असावी लागतात. एका छपराखाली राहता ना, अशी आधी खात्री करून घ्यायची आणि मग प्रत्येकाला वेगळे करायचे, असा हा सौदा आहे. घरे फोडणारे भाऊबंद पूर्वीही होते. पण त्यासाठी दरमहा वर्गणी घेणारे मी तरी पहिल्यांदाच पाहतो आहे.

आता कोणी म्हणेल, 'मास्तर, एका रेडिओभोवती बसण्याचे एवढे कौतुक कशाला? तो रेडिओ काही लोकशाहीने चालत नव्हता. त्याचा कान पिळण्याचा अधिकार वडिलांचा. त्यांना बातम्या हव्या म्हणजे साऱ्यांनी बातम्या ऐकायच्या. सुनेला काय ऐकायचे आहे, हे कोणी विचारले होते का?'

हा आक्षेप खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाने माजघरातल्या बायकांची मुकी वर्षे विसरली तर त्याने लेखणी मोडून टाकावी. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. हुकमत मोडण्याचे दोन मार्ग असतात. एक वाटणीचा आणि दुसरा पाळीचा. वाटणी म्हणजे, तुमचे तुम्हाला, आमचे आम्हाला, यापुढे संबंध नाही. पाळी म्हणजे, आता तुमचे, मग माझे. पण दोन्ही वेळा बसायचे सगळ्यांनी. सुनेवर जो अन्याय झाला तो तिला वेगळा रेडिओ न मिळाल्याचा नव्हता. तिच्या आवडीचे गाणे सासऱ्याने कधी बसून ऐकले नाही, हा तो अन्याय होता. आज तिला स्वयंपाकघरात वेगळा डबा मिळाला आहे. पण सासऱ्याने तिचे गाणे अजूनही ऐकलेले नाही! उलट, आता ते ऐकण्याची वेळ त्याच्यावर कधी येणारच नाही. अन्याय मिटला नाही. त्याला फक्त वेगळी खोली दिली गेली.

आणि पाळीचा मार्ग आपल्या घरांनी काढला नव्हता असेही नाही. १९५२ साली केंद्रीय मंत्री बाळकृष्ण केसकर यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. तेव्हा तरुण पोरांनी काय केले? रेडिओ सिलोन लावला. तोही घरातल्या त्याच एकुलत्या एका यंत्रावर! त्यासाठी त्यांना वडिलांची मनधरणी करावी लागली, आईला वशिला लावावा लागला, अभ्यास पुरा केल्याचा दाखला द्यावा लागला. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली आणि सरकारलाही नमते घ्यावे लागले. या सगळ्या ओढाताणीत एक शिक्षण होते. आपली आवड दुसऱ्याच्या गळी उतरवायची तर ती का चांगली आहे हे सांगावे लागते. आणि दुसऱ्याची आवड सोसायची तर ती निदान एकदा पुरती ऐकावी लागते. रसिकता ती हीच, दुसरी कोणती? नुसती आवड जनावरालाही असते. आवडीबद्दल बोलता येणे, हे माणसाचे लक्षण आहे.

तशीच दुसरी बाजू. १९५५-५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून गीतरामायण झाले. गदिमांची ५६ गीते, सुधीर फडक्यांचे संगीत, आठवड्याला एक नवे गीत. ते गीत लागायच्या वेळी घराघरांतून आणि शेजाऱ्यांच्या ओट्यांवरून माणसे दाटीने बसत, असे जुनी माणसे सांगतात. त्या दाटीत सर्वच काही भाविक नव्हते. कोणी शब्दांसाठी, कोणी चालीसाठी, तर कोणी शेजारच्या घरात बसायला मिळते म्हणून येत असेल. पण वर्षभराने त्या साऱ्यांजवळ एक समाईक ठेव होती. एकाने ओळ गुणगुणली की दुसऱ्याला पुढली येत होती. 'माझी यादी' आणि 'तुझी यादी' यांतून अशी ठेव कशी जमायची?

मी शाळेत शिकवतो, म्हणून या गोष्टीचा परिणाम मला जरा आधी दिसतो. दर जूनमध्ये नव्या वर्गाची ओळख करून घेताना मी मुलांना एक प्रश्न विचारीत आलो आहे: 'तुझ्या आजीचे आवडते गाणे कोणते?' पूर्वी या प्रश्नावर वर्गात हशा पिकायचा. कोणी आजीची नक्कल करीत ओवी म्हणे, कोणी जुन्या नाटकातले पद अर्धेमुर्धे म्हणून दाखवी. अर्थ कळत नसे, शब्द भलतेच असत, पण चाल मात्र बिनचूक. ती पदे त्यांना कोणी शिकविलेली नव्हती. सकाळी दात घासताना, वेणी घालून घेताना, आजीच्या रेडिओतून किंवा टेपमधून ती नकळत कानात शिरलेली होती. दोन वर्षांमागे एका मुलीने मला उत्तर दिले ते माझ्या मनातून जात नाही. ती म्हणाली, 'सर, मला माहीत नाही. आजी तिच्या खोलीत ऐकते.'

त्या उत्तरात उद्धटपणा नव्हता. आजीवर राग नव्हता. आजीला एकटे टाकल्याचाही भाव नव्हता; तिला तर चांगला डबा घेऊन दिलेला होता! एवढ्या सुखवस्तू, एवढ्या सज्जन घरातून आजीचे गाणे नातीच्या कानापर्यंत, म्हणजे एका भिंतीपलीकडे, पोचू शकले नाही. आपल्या भाषेतले किती तरी धन शाळेतून नव्हे, तर असे ओसरीतून माजघरात झिरपत आलेले आहे. कोणी मुद्दाम वाचून दाखविले असते तर मुले पळाली असती. त्यांना पळता येत नव्हते, म्हणून ती श्रीमंत झाली. निवडलेल्या गोष्टींनी माणूस सुखी होतो. पण घडतो तो बऱ्याचदा न निवडलेल्या गोष्टींनी.

त्यातून आजीची आणखी एक अडचण आहे. हा डबा हिंदुस्थानात आला तेव्हा इंग्रजी बोलत होता. २०१९ मध्ये त्याला हिंदी येऊ लागले. माझ्या पाहण्यातल्या घरांत मराठी गाणे मागताना आजीला अर्धे वाक्य परक्या भाषेत म्हणावे लागते. तिचे उच्चार त्याला कळले नाहीत की तो भलतेच काही लावतो, आणि ती बिचारी 'राहू दे' म्हणून गप्प बसते. मग नातवाला हाक मारावी लागते. त्या एका हाकेपुरता तरी तो तिच्या खोलीत येतो, हा या यंत्राच्या चुकांचाच गुण म्हटला पाहिजे!

दुसरे कोणी म्हणेल, 'तुम्ही एकच बाजू सांगता. हे यंत्र साऱ्या घरात एकच गाणेही वाजवू शकते की!' होय, शकते. ते करायला इंजिनियरांना किती घाम गाळावा लागला, तेही सांगतो. दोन खोल्यांतले दोन डबे सेकंदाच्या काही शतांश भागाने जरी मागेपुढे झाले, तरी दारात उभ्या असलेल्या माणसाला गाणे दुहेरी ऐकू येते. म्हणून ते डबे वाय-फायवरून आपापली घड्याळे सतत जुळवीत असतात. एवढेच नव्हे, तर सोनोस आणि गूगल या दोन कंपन्या याच व्यवसायातल्या हक्कांसाठी अमेरिकेत भांडल्या. आणि जानेवारी २०२२ मध्ये तिथल्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाचा निकाल सोनोसच्या बाजूने लागल्यावर, सगळ्या खोल्यांतला आवाज एकदम कमी-जास्त करण्याची आपली पद्धत गूगलला बदलावी लागली. वाचकहो, 'आवाज जरा कमी कर' यावरून आपल्या घरात जे भांडण दोन मिनिटांत मिटत असे, ते आता वॉशिंग्टनपर्यंत जाते! आणि सगळ्या घराला एक गाणे ऐकविण्याची युक्ती आपल्या आजोबांनाही ठाऊक होती. ते दार उघडे ठेवीत.

शेवटचा आरोप सर्वांत गंभीर आहे. घरातली माणसे एकमेकांचे ऐकेनाशी झाली, तेव्हा सगळ्यांचे ऐकणारा एकजण मात्र प्रत्येक खोलीत येऊन बसला. आपले नाव कधी घेतले जाते याकडे हा डबा अष्टौप्रहर कान लावून असतो. नाव ऐकले की पुढचे बोलणे दूरच्या संगणकांकडे पाठवितो आणि तिथून हुकमाचा अर्थ लावून घेतो. मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ॲमेझॉनवर असा आरोप ठेवला की, मुलांच्या आवाजाची ध्वनिमुद्रणे तिने अमर्याद काळ जपून ठेवली आणि आईबापांनी पुसायला सांगितल्यावरही ती पुरती पुसली नाहीत. कंपनीने आरोप मान्य केले नाहीत, पण २.५ कोटी डॉलर भरण्याचे कबूल करून प्रकरण मिटविले. अमेरिकेत काही डब्यांना, ध्वनिमुद्रण बाहेर न पाठविता काम उरकण्याची मुभा होती. तीही २८ मार्च २०२५ पासून बंद झाली. आजीला काय आवडते हे नातीला माहीत नाही. पण सातासमुद्रापलीकडल्या एका कंपनीला ते तारीखवार माहीत आहे. घराच्या भिंतींना कान असतात ही म्हण आपण खरी केली, आणि घरातल्या माणसांचे कान मात्र भिंतींसारखे केले.

यावर उपाय काय? डबे विहिरीत फेका असे मी म्हणत नाही; ते उधारीवर घेतलेले असतील! पण एका गोष्टीचा विचार करा. याच दिवसांत गावोगावी दिवाळी पहाटेच्या मैफली होतात. पहाटे चारला उठून, उटणे लावून, थंडीत कुडकुडत, नवे कपडे घालून माणसे तिथे जातात. शेकडो अनोळखी लोकांबरोबर मांडीला मांडी लावून बसतात आणि जे गायक गाईल ते ऐकतात. तिथे कोणी हुकूम सोडीत नाही. जे गाणे आवडत नाही तेही ऐकतात, कारण शेजारचा डोलत असतो. म्हणजे एकत्र ऐकण्याची भूक आपल्यात जिवंत आहे. ती भूक आपण परक्यांबरोबर भागवितो आणि घरी आल्यावर पुन्हा आपापल्या खोलीत जातो. कीर्तन ऐकायला देवळात जायचे आणि आईचे बोलणे ऐकायला मात्र वेळ नाही, त्यातलाच हा प्रकार.

तेव्हा या दिवाळीच्या चार दिवसांपुरते एवढेच करा. फराळाच्या वेळी एका खोलीतला एकच डबा चालू ठेवा. बाकीच्यांच्या तारा काढा. पाळी लावा. पहिली पाळी घरातल्या सुनेची, कारण तिची थकबाकी सर्वांत जुनी आहे. दुसरी आजीची. तिसरी मुलांची, आणि ती जे काही लावतील, ते ढोलताशांचे असो की परदेशी किंकाळ्यांचे, वडीलधाऱ्यांनी उठून न जाता शेवटपर्यंत ऐकायचे. 'यात तुला काय आवडते, सांग पाहू' असे विचारायचे आणि उत्तर मिळेपर्यंत थांबायचे. वडिलांची पाळी शेवटी. भांडण होईल, हे उघड आहे. कोणी तोंड वाकडे करील, कोणी कानांत बोटे घालील, कोणी चकली मोडता मोडता हसेल.

होऊ द्या. ज्या घरात गाण्यावरून भांडण होते, त्या घरात अजून कोणी तरी दुसऱ्याचे गाणे ऐकत असते.